हळद, गूळ, बेदाणा: एका जुन्या पाटीच्या अक्षरांच्या प्रकल्प नोंदी

१८ फेब्रुवारी २०२५

मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाचं काम आलं. जुनी पत्र्याची पाटी, आठ बाय तीन फूट. पिवळ्या रंगावर लाल अक्षरं, त्यांना काळी शॅडो. वरच्या ओळीत ‘हळद गूळ बेदाणा’, खाली मधोमध ‘सांगली’. धाकट्या मालकाला एसीपी शीटची (ॲल्युमिनियमचे पातळ थर आणि मधे प्लास्टिक) नवी पाटी हवी आहे, पण अक्षरं हीच हवीत. मी चार-पाच फॉन्ट दाखवून पाहिले, त्यांनी मोबाइलकडे नीट बघितलंसुद्धा नाही. पाडव्याला पाटी लागली पाहिजे, म्हणजे ३० मार्चच्या आत.

काम माझ्याकडे येण्याचं कारण सरळ आहे. ही अक्षरं माझ्या मामाची. मामा चौऱ्याहत्तर वर्षांचे. फ्लेक्स आल्यावर कामं आटत गेली आणि बारा वर्षांपूर्वी त्यांनी ब्रश ठेवला. आता उजवा हात थरथरतो, चहाचा कप दोन हातांनी धरावा लागतो. पाटीवर परत रंगवणं हा पर्यायच नाही.

पाटी २०१९च्या पुरात गणपती पेठेतल्या गोडाऊनमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेली होती. आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. पाटीचा खालचा फूटभर भाग किती दिवस पाण्यात राहिला कोणास ठाऊक. ‘सांगली’ जवळजवळ गेलंय. सा-चा काना आणि ली-च्या वेलांटीचं टोक तेवढं गंजातून दिसतं. वरची ओळ मात्र शाबूत.

करायचं काय: ५ मिलिमीटर ॲक्रिलिकमधून अक्षरं लेझरवर कापायची. पुढे हीच फाइल टेम्पोवरच्या रेडियमसाठी वापरायची. दोन्हीकडे लागतात त्या बंद, स्वच्छ बाह्यरेषा.

२० फेब्रुवारी

पाटीवर बटर पेपर चिकटवून पेन्सिलने अक्षरांच्या कडा गिरवल्या. पहिल्यांदा आळस केला आणि बटर पेपरचे मोबाइलवर फोटो काढले. घरी येऊन शिरोरेषेवर पट्टी धरली तर ती मधे फुगलेली, धनुष्यासारखी. लेन्सचा दोष. ते फोटो फेकले. एफोर स्कॅनरवर तुकड्यातुकड्याने स्कॅन केलं, ३०० डीपीआय. अक्षराची उंची बारा इंच आहे, त्यामुळे एका ळ-ला चार स्कॅन लागले. कागदावर आधीच अधिकच्या खुणा करून ठेवल्या होत्या म्हणून जुळवता तरी आले. दिवस गेला.

२१ फेब्रुवारी

इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ट्रेस बिटमॅप’ चालवून पाहिलं, म्हणजे स्कॅनवरून बाह्यरेषा आपोआप काढून घेतल्या. त्याच्या पोटात पीटर सेलिंगर यांचं पोट्रेस आहे, काळ्या-पांढऱ्या चित्रासाठी ते उत्तमच. पण माझ्याकडे पेन्सिलची रेघ आहे, आणि रेघेला जाडी असते. त्यामुळे एका कडेच्या दोन कडा निघाल्या, आतली आणि बाहेरची. रेघांच्या आत काळा रंग भरून पुन्हा ट्रेस केलं. आता कड एकच आली, पण पेन्सिल जिथे जिथे अडखळली तिथे तिथे नोड, म्हणजे कडेचा आकार धरून ठेवणारा बिंदू. एकट्या ळ-वर २१२. नोडचं हत्यार घेतल्यावर ळ सुरवंटासारखा दिसत होता.

मग नोड कमी करणारं ‘सिम्प्लिफाय’, कंट्रोल-एल. एकदा दाबलं, ९६ नोड. लगेच पुन्हा दाबलं, ४१. तिसऱ्यांदा दाबलं आणि ळ-चा बटाटा झाला. हे मला माहीत असायला हवं होतं: लागोपाठ दाबत गेलं तर इंकस्केप दरवेळी अधिक जोरात कापतं. मधे क्षणभर थांबलं तर पुन्हा मूळ मापावर येतं.

त्याहून मोठा घोळ नंतर लक्षात आला. मी ळ एकटा निवडला नव्हता, सोबत शिरोरेषाही निवडलेली होती. सिम्प्लिफाय किती छाटायचं ते निवडलेल्या सगळ्या आकाराच्या मापावरून ठरवतं. शिरोरेषा लांबलचक, म्हणून सूटही मोठी घेतली गेली आणि ती बिचाऱ्या ळ-वर निघाली. एकटा निवडून एकदाच चालवला तेव्हा बरा राहिला, पण कोपरे तरीही गोल झाले. मामांच्या अक्षरात ब्रश उचलतात तिथे कोपरा असा लागतो की बोट कापावं. तो गेला तर उरलं काय.

२३ फेब्रुवारी

टॅब्लेटवर पेन्सिलच्या हत्याराने हातानेच गिरवायचं ठरवलं. स्कॅन खालच्या लेयरवर कुलूप लावून ठेवला.

इथे सगळा खेळ ‘स्मूदिंग’च्या आकड्याचा. फार कमी ठेवलं की माझ्या हाताची प्रत्येक हालचाल नोड बनून येते, फार जास्त ठेवलं की वळणच नाहीसं होतं. मोठ्या गोलाईला पन्नासच्या आसपास ठीक वाटलं, दंडाच्या टोकाशी दहा-बारा. पेन उचलल्यावर इंकस्केप त्या ओबडधोबड रेघेवर कर्व्ह बसवतं. हे बसवण्याचं गणित फिलिप श्नायडर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या पद्धतीवर आधारलेलं आहे: ठरावीक चुकीच्या आत एक कर्व्ह बसतो का बघायचं, नाही बसला तर जिथे चूक सर्वांत जास्त आहे तिथे दोन तुकडे करायचे, आणि पुन्हा तेच. म्हणजे नोड कुठे पडणार हे माझ्या हातातल्या चुकांवर ठरतं. अक्षराला कुठे नोड हवाय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हे कळल्यावर कालपासूनचा राग शांत झाला.

आणखी एक. मधे पेन उचललं की पाथ, म्हणजे सलग रेघ, तुटतो. टोकाशी छोटा चौकोन दिसतो, त्याच्यावरूनच पुन्हा सुरुवात केली तर रेघ जोडली जाते. दोन पिक्सेल बाजूला सुरुवात झाली तर दुसराच पाथ तयार होतो. हे पुढे महागात पडणार होतं.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. साबुदाण्याची खिचडी आणि ह-चे दोन प्रयत्न. दोन्ही रद्द.

२८ फेब्रुवारी

पेन्सिल सोडली, बेझिए पेन घेतलं. नोड कुठे ठेवायचा हे आता मी ठरवणार.

पद्धत लिहून ठेवते, पुढच्या वेळी पुन्हा शोधायला नको. गोलाई जिथे सर्वांत डावीकडे, सर्वांत उजवीकडे, सर्वांत वर किंवा सर्वांत खाली जाते तिथे एकेक नोड. तिथली हँडलं (नोडमधून दोन्हीकडे निघणाऱ्या, वळण ठरवणाऱ्या काड्या) कंट्रोल धरून अगदी आडवी किंवा उभी ठेवायची. रेघ एकीकडे वाकता वाकता दुसरीकडे वाकायला लागते तिथे गरज पडली तरच एक. ब्रश उचललेला कोपरा असेल तिथे कस्प, म्हणजे टोकदार नोड, शिफ्ट-सी. बाकी कुठेही नाही. हँडलाची लांबी सुरुवातीला दोन नोडमधल्या रेघेच्या साधारण एक तृतीयांश. पाव वर्तुळ काढायचं असेल तर त्रिज्येच्या ०.५५२३ पट, पण मामांच्या अक्षरात शुद्ध वर्तुळ एकही नाही, त्यामुळे तो आकडा फक्त सुरुवातीपुरता.

ळ-ला दोन पोटं. बाहेरची कड आणि आतल्या पोकळ्या धरून २६ नोडमध्ये बसला. २१२ वरून २६. स्कॅनवर ठेवून बघितलं, कुठेही अर्ध्या मिलिमीटरहून जास्त फरक नाही.

ही बेझिए कर्व्हची भानगड मूळची मोटारींच्या पत्र्याची. पिएर बेझिए रेनोमध्ये, पॉल द कास्तेल्जो सित्रोएनमध्ये, दोघांनीही गाडीच्या अंगाची वळणं गणितात बसवायला हे काढलं. कास्तेल्जो यांनी आधी, १९५९ मध्ये, पण कंपनीने ते बाहेर येऊ दिलं नाही आणि नाव बेझिएंचं झालं. रोज उपयोगी पडते ती कास्तेल्जो यांचीच युक्ती: कर्व्हवर मधेच डबल क्लिक करून नोड वाढवला तरी आकार तसूभर हलत नाही. उलट प्रकार मात्र फुकट नसतो. नोड डिलीट केला की शेजारच्या हँडलांना ताणून इंकस्केप आकार जमेल तेवढाच राखतं, आणि कंट्रोल-डिलीट केलं तर तेवढाही राखत नाही.

३ मार्च

वरची ओळ पूर्ण. वेळ वाचवायला एक शॉर्टकट मारला: हळदमधला द उचलून बेदाण्यात चिकटवला. गूळमधला ळ मात्र वेगळा काढला, कारण त्याच्या शेजारी दीर्घ ऊकार आहे.

शिरोरेषेचं एक कोडं. स्कॅनमध्ये बेदाणाची शिरोरेषा डावीकडून उजवीकडे चार मिलिमीटर चढते. वाटलं स्कॅन जोडताना माझी चूक झाली. दुकानात जाऊन पाटीवर दोरा ताणून बघितला. खरंच चढते. मी ती सरळ केली.

५ मार्च

फ्लेक्सच्या दुकानातून पूर्ण मापाची प्रिंट काढून मामांकडे विश्रामबागला नेली. भिंतीला लावली. मामा खुर्चीवरून उठून दारापर्यंत मागे गेले आणि तिथून बघत राहिले. मी चहा करून आणला तरी तिथेच उभे.

“ळ मेलाय,” म्हणाले.

“कुठला?”

“दोन्ही. पण हळदीतला जास्त. आन् ह्यो द हितनं उचलून तितं टाकलायस न्हवं?”

मी कबूल केलं. त्यांनी समजावलं. हळदमध्ये द शेवटी आहे, पुढे मोकळी जागा आहे, म्हणून त्याची शेपटी त्यांनी ओढून सोडली होती. बेदाण्यात पुढे काना उभा आहे, तिथे शेपटी आखडती घेतली होती. मी स्कॅन पुन्हा बघितला. फरक तब्बल नऊ मिलिमीटरचा, आणि मी तो बघितलाच नव्हता, कारण मी द बघत होते, शब्द बघत नव्हते.

शिरोरेषेबद्दलही ऐकून घेतलं. “चढतीच ठेवायची असती ती. सरळ मारली की लांबनं खाली पडल्यागत दिसती.”

ळ का मेला ते त्यांना सांगता येईना. हातानेच हवेत दोनदा ळ काढला. खाली येताना ब्रश दाबला जातो, तळाशी वळताना चपट्या ब्रशची धार फिरते, वर जाताना हात हलका होतो. मी लॅपटॉप उघडून नोड दाखवले. हँडलं बघून म्हणाले, “ह्या मिशा कसल्या?”

मिशाच! दोन्ही बाजूंच्या मिशा सारख्या होत्या. मी सगळे गोल नोड सिमेट्रिक करून ठेवले होते, शिफ्ट-वाय, कारण तसं केलं की स्क्रीनवर गोलाई छान गुळगुळीत दिसते. मिशा समान म्हणजे वळणाआधीचा आणि नंतरचा फुगवटा समान. ब्रश तसा वळतच नाही. येताना तो भरलेला असतो, जाताना रिकामा.

६ मार्च

ळ-चे सगळे गोल नोड सिमेट्रिकचे स्मूद केले, शिफ्ट-एस. स्मूदमध्ये दोन्ही मिशा एका रेषेत राहतात, पण लांबी वेगवेगळी ठेवता येते. तळाच्या नोडला येणाऱ्या बाजूची मिशी लांब केली, जाणाऱ्या बाजूची आखूड. डाव्या पोटाची जाडी तळाशी न राहता तळाच्या जरा आधीच सर्वांत जास्त झाली, आणि त्या एका बदलाने ळ जागेवर बसला. नोड तेवढेच, २६. एकही वाढवला नाही, एकही जागेवरून हलवला नाही.

मग ह, ब, ण, ग, सगळी अक्षरं याच नजरेने पुन्हा. संध्याकाळपर्यंत बेदाण्यातला द-ही नवा काढला. शिरोरेषा चढती केली.

एक सावधगिरी: ‘ऑटो-स्मूद’ नोड, गोल टिंबासारखा दिसतो तो, इथे वापरायचा नाही. शेजारचा नोड हलवला की तो आपली मिशी आपणच बदलतो. चित्र काढताना सोयीचा, अक्षरात घातक.

९ मार्च

‘सांगली’. हे अक्षर पाटीवर उरलेलंच नाही. ग गूळमधून घेता येईल असं मी मामांना म्हणाले, तर त्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. द-चा किस्सा ताजा होता. गप्प बसले.

टेबलावर बटर पेपर, जाड स्केचपेन. मामांनी काढलं. प्रत्येक रेघेवर बारीक लाटा. काढून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि कागद उलटा केला. पुन्हा काढायला सांगायचा मला धीर होत नव्हता, पण त्यांनीच दुसरा कागद मागितला. पाच वेळा काढलं.

१० मार्च

पाचही स्कॅन एकमेकांवर ठेवले, प्रत्येकाची अपारदर्शकता वीस टक्के. बघण्यासारखं चित्र आलं. काही ठिकाणी पाचही रेघा एकावर एक पडून गडद झाल्या होत्या: स-च्या पोटाखालचा बाक, ग-च्या गाठीतून बाहेर पडतानाचा कोन, वेलांटी शिरोरेषेवरून झुकते ती जागा. इतर ठिकाणी पाच रेघा पाच दिशांना, फिकट धुकं. गडद भाग म्हणजे मामांचं वळण, धुकं म्हणजे थरथर. अशी सरळ वाटणी होईल अशी अपेक्षाच नव्हती.

इंकस्केपच्या पेन्सिलमध्ये एक स्केच मोड आहे. ऑल्ट धरून त्याच जागेवर पुन्हा पुन्हा रेघा मारायच्या, ऑल्ट सोडला की सगळ्यांची सरासरी एक रेघ मिळते. पाचही प्रती तशा गिरवून पाहिल्या. लाटा गेल्या, पण टोकांचं सगळं तेजही गेलं. सरासरीला काय कळणार की स-चा शेवटचा हिसका हवा होता आणि मधली लाट नको होती. हा मोड बाजूला ठेवला. धुकं बघत बघत पेननेच काढलं: नोड फक्त गडद जागी, फिकट जागी कर्व्हला मोकळं सोडायचं.

सा आणि ली चांगले जमले. ग-च्या काना आणि गाठीमधलं अंतर पाचही प्रतींत वेगळं आहे, तिथे काही ठरेना.

१२ मार्च

मामांना अडचण सांगितली. ते म्हणाले, “आगं, टेबलावर कुणी पाटी रंगवतंय व्हय?” कागद भिंतीला लावायला सांगितला, छातीच्या उंचीवर. माळ्यावरून जुनी काठी काढली, टोकाला चिंधी गुंडाळलेली. डाव्या हाताने काठी भिंतीला टेकवून धरली, तिच्यावर उजवं मनगट. आणि ग काढला.

थरथर होती, पण निम्म्याहून कमी. टेबलावर मनगट आणि बोटं लिहितात, भिंतीवर खांदा लिहितो, आणि खांदा अजून पक्का आहे. हे मला सुचायला हवं होतं. इतकी वर्षं त्यांना भिंतीसमोरच उभं राहिलेलं बघितलंय.

हीच सहावी प्रत ग-साठी वापरली. तिच्यात गाठ आणि काना यांच्यातलं अंतर गूळमधल्या ग-पेक्षा जास्त आहे. ‘सांगली’ची अक्षरं नऊ इंची, वरची बारा इंची. छोट्या अक्षरात आतली जागा प्रमाणाने जास्त सोडावी लागते, नाहीतर लांबून भरल्यासारखी दिसते. गूळमधला ग लहान करून टाकला असता तर नेमकं तेच झालं असतं.

१५ मार्च

धुळवडीचा रंग अजून नखांत आहे. जोडाजोडीचं काम.

शिरोरेषा, दंड, मात्रा हे सगळे पाथ मी वेगवेगळे काढले होते. स्क्रीनवर लाल रंग भरल्यावर एकच दिसतात, पण कटिंगवाल्या मशीनला रंग दिसत नाही, त्याला रेघ दिसते. दोन आकार एकमेकांवर असले तर मधली रेघही कापली जाते आणि काना शिरोरेषेपासून सुटा होऊन हातात येतो. म्हणून प्रत्येक शब्दाला युनियन, म्हणजे सगळ्या आकारांचा मिळून एकच आकार, कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह.

युनियननंतर जिथे कडा एकमेकींना छेदतात तिथे नवे नोड येतात. कडा अगदी जवळून समांतर जात असतील तर तिथे केसाएवढे तुकडे उरतात. मोठं करून बघितल्याशिवाय दिसत नाहीत. बेदाणामध्ये असे सात सापडले.

आणि २३ तारखेचं उसनं आज फिटलं. ब-चा मधला आडवा तुकडा मी पेन्सिलने काढलेला तसाच ठेवला होता, आणि तो बंद नव्हता. रंग भरताना इंकस्केप उघड्या पाथची टोकं मनातल्या मनात जोडून घेतं, त्यामुळे भरलेला आकार बघून काही कळत नाही. रंग काढून फक्त रेघ ठेवली तेव्हा भेग दिसली. दोन्ही टोकं निवडून शिफ्ट-जे, दोन नोडचा एक झाला. आता सवयच लावून घेतली आहे: फाइल देण्याआधी एकदा सगळ्याचा रंग काढून नुसत्या रेघा बघायच्या.

ण-चे आतले-बाहेरचे पाथ कंबाइन करून एकत्र केल्यावर आतली पोकळी भरून आली. आतला पाथ बाहेरच्याच दिशेने फिरत होता. तो एकटा निवडून शिफ्ट-आरने उलटा फिरवला, पोकळी परत आली.

१८ मार्च

कुपवाडच्या एका कटिंगवाल्याकडे फाइल दिली. आधी ॲक्रिलिक नको, ३ मिलिमीटर एमडीएफमध्ये (लाकडाच्या भुशाची दाबलेली फळी) नुसतं ‘गूळ’ कापू, असं मीच म्हटलं. बरं झालं. कापून आलेला ग हातात घेतला तर मोठा वाटला. पट्टी लावली: बारा इंचांच्या जागी पावणेतेराच्या थोडं वर.

शोधायला अर्धा तास गेला. इंकस्केपमध्ये ०.९२ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, एक इंच म्हणजे ९६ पिक्सेल. त्याआधी ९० होते. कटिंगवाल्याचं सॉफ्टवेअर अजून ९० धरून चाललंय. ९६ भागिले ९०, सगळं ६.७ टक्क्यांनी मोठं. माझे तीन शब्द मधल्या जागांसह ९० इंचांत बसतात, ते बरोबर ९६ इंच झाले असते. आठ फुटी पाटीच्या काठाला काठ. सरळ ॲक्रिलिक कापलं असतं तर भुर्दंड कोणी भरायचा यावरून भांडण ठरलेलं होतं. त्याचं म्हणणं फाइल चुकीची, माझं म्हणणं सॉफ्टवेअर जुनं. दोघांचंही थोडं थोडं खरं.

आता फाइलच्या कोपऱ्यात १०० मिलिमीटरचा चौकोन काढून ठेवलाय. तिकडे उघडल्यावर तो १०६.७ दिसला तर मोजून छोटं करायचं.

एक गोष्ट मात्र मनासारखी झाली. तुलना करायची म्हणून ट्रेस केलेला २१२ नोडवाला ळ पण शेजारी कापून घेतला होता. त्याच्या कडेवर बोट फिरवलं तर बारीक दाते लागतात. लहान लहान तुकड्यांवर लेझरचं डोकं दर वेळी मंदावतं आणि तिथे कड जास्त जळते. २६ नोडवाला काचेसारखा.

२२ मार्च

लाल ॲक्रिलिक कापून आलं. मापं बरोबर. ळ-च्या पोकळ्यांमधून पडलेले तुकडे मी पिशवीत घालून आणले, मामांच्या नातीला खेळायला.

२९ मार्च

फिटिंग. उद्या पाडवा, यार्डात दुपारीच गडबड. पाटीवर अक्षरं चिकटवताना फिटरने बेदाणाच्या शिरोरेषेवर लेव्हल ठेवली, बुडबुडा सरकला, त्याने शब्द फिरवून बुडबुडा मधे आणला आणि टेपने धरला. मला ते दिसलंच नाही. मी खाली ‘सांगली’ मोजत होते.

मामा रस्त्यापलीकडे एका टेम्पोला टेकून उभे होते. तिथून ओरडले, “उजवीकडनं वर घे!”

फिटर म्हणाला, लेव्हल बरोबर आहे काका.

“लेव्हल ऱ्हाऊंदे. वर घे की जरा.”

मी वर चढून फाइलची प्रिंट शेजारी धरली. चार मिलिमीटर. फिटरने टेप सोडला, खाली दुमडलेला पुठ्ठा सरकवला, उजवं टोक वर केलं आणि माझ्याकडे बघत पुन्हा टेप मारला. मामांनी हात वर केला, मग टेम्पोवाल्याकडे वळून त्याच्या हौद्यावरचं नाव कोणी काढलंय ते विचारायला लागले.

राहिलेलं: काळ्या शॅडोचा पाथ अजून नीट नाही. आउटसेट करून, म्हणजे कड बाहेर फुगवून, सरकवला तर ळ-च्या दोन पोटांमधे शॅडो बुजते, ती हाताने काढावी लागणार. रेडियमची फाइल सोमवारी.